तारेची टोकं

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात ८ फूट लांबीचा वायररोप गुंडाळून ठेवलाय. त्यावर गिर्यारोहणाच्या जुन्या दोराचं कवच चढवलेलं, दोन्ही टोकं मागे वळवून त्यांची नेढी केलेली, आणि प्रत्येक नेढ्याला तीन-तीन यू-क्लॅम्प आवळलेले. सहाच्या सहा उलटे. या वस्तूच्या भरवशावर मी ११ झाडं छाटली. दिवाळीच्या साफसफाईत पेटी खाली आली की बायको विचारते, "हे भंगारात का देत नाही?" कुणीतरी विहिरीवर वापरेल आणि मरेल, असं मी सांगतो. ते खोटं नाही. पण तेवढंच कारण आहे असंही नाही.

मी संगमनेरला एका पतसंस्थेत कारकून होतो. शनिवार-रविवार अकोले तालुक्यात जायचे. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, आणि पुढे पुढे साम्रदच्या सांदण दरीत पुण्या-मुंबईच्या लोकांना दोरावरून खाली सोडण्याचं काम. त्यामुळे दोर, हार्नेस, कॅराबिनर या गोष्टी हाताला सवयीच्या. २०१३ च्या मे महिन्यात वळवाच्या वादळात ओळखीतल्या एकांच्या घरावर कडुनिंबाची मोठी फांदी मोडून लोंबकळत राहिली. शिडी पोचेना, क्रेन गल्लीत शिरेना. मी माझा दोर घेऊन चढलो, फांदीचे तुकडे करून खाली सोडले. १,५०० रुपये मिळाले. पतसंस्थेत तेवढ्यासाठी चार दिवस व्हाउचर लिहावी लागत. त्या रात्री मला वाटलं, आपल्याला झाडकाम येतं. आलं नव्हतं. डोंगर उतरता येत होता, एवढंच.

त्या कामावर खाली फांद्या ओढायला जो म्हातारा होता, तो पुढे सहा वर्षं माझ्याबरोबर राहिला. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. जन्मभर शेरडांसाठी पाला काढणं आणि लोकांची झाडं सवळणं हेच त्याचं काम. अनवाणी चढायचा, कमरेला मागे कोयता, अंगाभोवती एक सोल. तरुणपणी मोट हाकलेला माणूस, त्यामुळे दोराबद्दल त्याची मतं पक्की. माझ्या रंगीत दोरांना तो नावं ठेवत नसे. फक्त हातात घेऊन टोकाशी चाचपून बघायचा. मधल्या लांबीकडे ढुंकूनही नाही.

झाडावर काम करणाऱ्याला अंगाशी दोन गोष्टी लागतात. एक, वरच्या धडधाकट फांदीवरून आलेला मुख्य दोर. पाय सुटला तर तो धरतो. दुसरी, कमरेची. हार्नेसला दोन्ही कुशींना एकेक कडी असते. एका कडीतून निघायचं, खोडाला वळसा घालून दुसऱ्या कडीत यायचं आणि मागे रेलायचं. हात मोकळे होतात. हिला लॅनयार्ड म्हणतात, मामा तिला दावं म्हणायचा आणि आमच्यात तेच रुळलं. हे दावं हवं तसं लांब-आखूड करता आलं पाहिजे, कारण खोड बुंध्याशी गाडीच्या चाकाएवढं असतं आणि शेंड्याला मनगटाएवढं. काही दाव्यांच्या पोटात पोलादी तार असते. एक तर तिच्यामुळे दावं ताठ राहतं. जाड खोडाला मिठी पोचत नाही तिथे साधा दोर लुळा पडतो, हे मात्र झटका दिला की खोडामागून फिरून पलीकडच्या हातात येतं, वर उडवत चढता येतं. दुसरं, हातकरवत चुकून लागली तर दोर एका फटक्यात जात नाही.

मला भुरळ पडली ती या दुसऱ्या गोष्टीची. पोलाद म्हटलं की माझ्यातला कारकून निश्चिंत झाला. बाहेरून मागवायचं तर किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराच्या आसपास होती, म्हणून ठरवलं, घरीच करू.

बोअरवेलचं सामान विकणाऱ्या दुकानातून ८ मिलिमीटरचा वायररोप आणला. सहा पेड, प्रत्येक पेडात १९ तारा. दुकानदार म्हणाला, साडेतीन टनाला तुटत नाही. मी ७० किलोचा. हिशेब तिथेच संपला असं मला वाटलं. जुन्या दोराच्या आतले धागे ओढून काढले, त्या पोकळ कवचात तार सरकवली, टोकं वळवली, क्लॅम्प आवळले. गोठ्याच्या तुळईला दावं अडकवून मी आणि माझा भाऊ दोघे त्याला एकदम लोंबकळलो. काही झालं नाही. झाली परीक्षा.

ही परीक्षा नव्हतीच, हे मला आता कळतं. एकदा शांतपणे लोंबकळणं आणि दिवसभर रेलणं, सुटणं, पुन्हा रेलणं, कुशीवर वळणं, यात फरक आहे. तारेला प्रत्येक वेळी थोडा हिसका बसतो, पेड एकमेकांवर बसतात, तार किंचित बारीक होते आणि कालचा घट्ट क्लॅम्प आज सैल पडतो. पहिल्या ताणानंतर नट पुन्हा आवळायचे असतात, हे बोअरवेलवाल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. मला नव्हतं, आणि त्याला विचारायला मी गेलो नव्हतो, कारण तो मोटरी काढणारा आणि मी गिर्यारोहक.

अकराव्या झाडानंतर, शेताच्या बांधावरच्या एका निलगिरीखाली आम्ही भाकरी खात होतो. मामानं दावं मांडीवर घेतलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, शेपूट आखडलंया तुपल्या दाव्याचं."

शेवटच्या क्लॅम्पच्या पुढे तारेचं जे टोक उरतं ते मी चार बोटं ठेवलं होतं. आता ते दोन बोटं होतं. म्हणजे दोन बोटं तार क्लॅम्पमधून मागे सरकली होती. सगळं दावं मी रोज बघत होतो, पण बघत होतो ते कवच कुठे फाटलंय का, तार कुठे उघडी पडलीये का, असं, मधे मधे. मामा म्हणाला, "नाडा मधी कधी तुटत न्हाई. गाठीपाशी तुटतो." मोटेच्या नाड्याबद्दल बोलत होता तो. भाकरी संपवून दावं माझ्याकडे टाकलं आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी दावं घेऊन त्याच बोअरवेलच्या दुकानात गेलो. तिथे तिपाई आणि चेनपुलीनं मोटरी काढणारा एक फिटर बसला होता. त्यानं ते बघितलं आणि हसला. यू-क्लॅम्पला दोन भाग असतात, एक यू आकाराचा बोल्ट आणि दुसरा खाचा पाडलेला ठोकळा. ठोकळ्याची बैठक रुंद, तो तारेला चिरडत नाही. म्हणून वजन घेणाऱ्या तारेखाली ठोकळा यायला हवा आणि मागे वळवलेल्या शेपटीवर यू. मी यू बसवला होता वजनाच्या तारेवर. त्यानं तिचे पेड चेपले होते आणि पकडही धड धरली नव्हती. "वजनाच्या तारेला बूड द्यायचं, शेपटीला चिमटा," फिटर म्हणाला. "आणि मोटर पडली तर मोटर जाती, सायेब. तुम्ही ह्याला काय बांधता?" मी म्हणालो, मोटरच. झाडावर स्वतः बसतो हे सांगायची लाज वाटली.

नीट बसवलेले क्लॅम्पसुद्धा तारेच्या मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आसपासच धरतात, हे पुढे वाचलं. आणि नीट बसवलेले असोत नसोत, माणसाच्या अंगाशी यू-क्लॅम्पचं दावं वापरायचंच नसतं. कारखान्यात नेढ्याभोवती धातूची नळी यंत्रानं दाबून बसवतात, तसंच हवं. युरोपच्या ईएन ३५८ या मानकात अशा दाव्यानं १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन, ताण तीन मिनिटं टोकांसकट सोसायचा असतो. टोकांसकट, हा शब्द मी तेव्हा वाचला असता तर.

मग खरं दावं मागवलं. १३ मिलिमीटर जाड, साडेतीन मीटर लांब, एका टोकाला दुहेरी कुलपाचा हुक आणि शेपटीला कारखान्यानं दाबून बसवलेला एक ठोकळा, म्हणजे लांबी कमी-जास्त करायचं साधन टोकावरून निसटून जाऊ नये.

आता या साधनाचं. दाव्याचं एक टोक कुशीच्या कडीत कायम असतं. दुसरीकडे दोर साधनातून जातो आणि साधन दुसऱ्या कडीला अडकतं. साधन म्हणजे एक तर प्रुसिकची गाठ, नाहीतर धातूचा पकडा. प्रुसिक आम्हाला डोंगरातून माहीत होती. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकनं १९३१ साली लिहून ठेवलेली, जाड दोराभोवती बारीक दोरीचे वेढे, ताण आला की आवळणारी आणि सैल सोडली की सरकणारी. मी ८ मिलिमीटरची दोरी घेतली, डोंगरात घेतो तेवढाच मोठा फास केला आणि डोंगरात घालतो तसे दोन वेढे घातले.

दोन्ही चुकलं. कवच नवं कोरं, गुळगुळीत, आतली तार टणक. डोंगरातला दोर गाठीखाली थोडा दबतो, हा दबत नव्हता. दोन वेढ्यांवर मी हळूहळू मागे जात राहिलो, खुर्ची कलावी तसा. तिसरा वेढा घातल्यावर थांबलो. दुसरी गोष्ट, फास लांब. रेलल्यावर गाठ इतकी पुढे गेली की हात पोचेना. आखूड करायचं तर आधी एका हातानं खोडाला ओढून जवळ यायचं, मग दुसऱ्या हातानं गाठ सरकवायची. ज्यासाठी हात मोकळे हवे होते ते हातच गुंतले. गाठ कोपर वाकवून हाताला लागली पाहिजे, कडीपासून वीतभर पुरे. शिवाय मी डावखुरा. साधन कुठल्या बाजूला ठेवायचं ते मी चित्रात बघून ठरवलं होतं, आणि चित्रातला माणूस उजवा होता. वर्षभर मी उलट्या हातानं गाठ सरकवली आणि दुखणाऱ्या मनगटाला मलम चोळलं. कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. मामा शेवटी एकदा म्हणाला, "तू जेवतो डाव्या हातानं, मंग हे उजव्यानं का?"

प्रुसिकला कंटाळून मी धातूचा पकडा घेतला. छोटीशी वस्तू. आत खवल्यांचा दात, दोर एका बाजूनं सरकतो आणि दुसऱ्या बाजूनं ओढला की दात त्याला पकडतो. पिन काढली की उघडतो, त्यामुळे दोराच्या मधेच बसवता येतो. त्यावर बाण कोरलेला असतो. हा बाण मी पहिल्या दिवशी बघितला आणि नंतर बघायचं सोडलं.

एका साखर कारखान्याच्या वसाहतीत रेनट्रीची रांग होती. फांद्या कौलांवर आलेल्या. आदल्या रात्री मी पकडा उघडून साफ केला, तेल पुसलं, परत बसवला. सकाळी मुख्य दोरानं २५ फुटांवर गेलो. तिथे एक उभी फांदी, दीड फूट जाड. तिला दावं घातलं. हातानं ओढून बघितलं, अडकलं. मग मुख्य दोर एका आडव्या फांदीच्या पलीकडे घ्यायचा होता, म्हणून तो सोडला. दावं आहे ना. आणि मागे रेललो.

पकडा उलटा बसवला होता. मी जे ओढून बघितलं ते शेपटीकडून, म्हणजे ज्या बाजूनं दात पकडतो त्या बाजूनं. रेलताना ताण आला दुसरीकडून. दोर पकड्यातून असा गेला, जणू त्याला कुठे जायचं होतं. पाय फांदीवरच राहिले, बाकीचा मी मागे गेलो, आणि मला आकाश दिसलं. रेनट्रीची पानं, त्यामागे पांढरं उन्हाळी आकाश. मग खट्. शेपटीचा ठोकळा पकड्याला येऊन अडकला.

दोन फूट गेलो असेन. दोन फूट म्हणजे काय, असं वाटेल. डोंगराचा दोर ताणला जातो, पडणाऱ्याला झेलतो. तार ताणली जात नाही, आणि पट्टा कमरेला असतो. तो सगळा हिसका माझ्या माकडहाडाच्या वर एका जागी बसला. तीन आठवडे मी कुशीवर झोपलो. म्हणूनच ईएन ३५८ मध्ये अशा दाव्यावर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त पडायची वेळच येऊ नये असं धरलेलं आहे. रेलून उभं राहण्याची ती वस्तू, पडल्यावर झेलण्याची नव्हे.

आणि तो ठोकळा. प्रुसिक वापरायचो तेव्हा दरवेळी शेपूट ओवून काढताना तो गाठीत अडकायचा, म्हणून मी तो कापून टाकणार होतो. त्या महिन्यात दोन दुकानांत तार कापायचं कटर विचारलं होतं. दोन्हीकडे मोठं कटर शिल्लक नव्हतं. एवढ्यावर मी जिवंत आहे.

खाली उतरलो. वसाहतीतल्या बायका ओट्यावरून बघत होत्या. "काय झालं?" असं एकीनं विचारलं. "काही नाही, विश्रांती," मी म्हणालो. मामानं माझ्या हातातून पकडा घेतला, उलट-सुलट करून बघितला, आणि मग असं काही केलं की जे आम्ही आजही करतो. दावं बुंध्याला घातलं, जमिनीपासून हातभर उंचीवर, आणि मला म्हणाला, "बस." मी त्याच्यासमोर जमिनीलगत रेललो. पकडा उलटाच होता. मी अलगद ढुंगणावर बसलो. ओट्यावरच्या बायका हसल्या. मग सुलटा बसवून पुन्हा, "बस."

मामानं स्वतः मात्र ते दावं कधी वापरलं नाही. एकदा गावठाणात विजेच्या तारांना लागून एक कडुनिंब होता. मी सांगत होतो, बाहेरून नायलॉनचं कवच आहे, करंट येणार नाही. तो म्हणाला, "आत तार हाय ना?" आणि आपली सोल घेऊन बाजूला बसून राहिला. मी चढलो नाही. त्याच्याशी वाद घालायचा कंटाळा आला म्हणून चढलो नाही, शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. कवच घामानं, पावसानं ओलं होतं, त्याला करवतीचे ओरखडे असतात, टोकाला तर हुकाचं उघडं पोलादच. खोडामागून झटका देऊन उडवलेलं ताठ दावं पलीकडे कुठे जाऊन टेकेल हे दिसत नसतं. लाईन बंद करून घेतल्याशिवाय तिथे कुणीच चढायचं नसतं, सोल घेऊनही नाही, आणि बंद केल्यावरही तारेचं दावं घेऊन तर नाहीच. हे आम्ही वायरमन येईपर्यंत, चार तास, झाडाखाली बसून ठरवलं.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं टाळलं.

२०१८ मध्ये अकोल्याकडचा एक पोरगा कामाला आला. १९ वर्षांचा, ठाकरवाडीतला. लहानपणापासून आईबापाबरोबर बाळहिरडा गोळा करायला हिरड्याच्या झाडांवर चढलेला. त्याला झाड शिकवावं लागलं नाही, फक्त दोर शिकवावा लागला. तो मी शिकवला. मी सांगितलेलं तो प्रश्न न विचारता करायचा, आणि मला ते आवडायचं.

२०१९ च्या पावसाळ्याआधी एका चिंचेवर काम करताना माझ्याच हातून करवत दाव्याला लागली. कवच बोटभर फाटलं, आत तारेवर चमकदार ओरखडा. पोलादाचं कौतुक मला होतंच. बघा, साधा दोर असता तर गेलो असतो, असं मी खाली येऊन सगळ्यांना दाखवलं. हातकरवतीपुरतं ते खरंही आहे. चेनसॉच्या साखळीपुढे ही तारही टिकत नाही. म्हणूनच झाडावर चेनसॉ चालवताना मुख्य दोर आणि दावं अशा दोन बंधनांत राहायचं असतं, हा नियम मी दुसऱ्यांना सांगायचो आणि स्वतः तीन वेळांपैकी एकदा पाळायचो. असो. फाटलेल्या जागी मी इलेक्ट्रिकची काळी टेप तीन वेढे गुंडाळली. शिवाय नवं दावं मागवलं.

नवं आलं. पार्सलवर पत्ता अहमदनगर जिल्हा. नवं दावं मी माझ्या हार्नेसला लावलं आणि टेपवालं त्या पोराला दिलं.

ते देताना मी काय म्हणालो, हे मला आठवतंय. म्हणालो, "हे मुरलेलं आहे, याच्यावर गाठ चांगली धरते." तेही खोटं नव्हतं. मनात असंही म्हणालो की त्याचं वजन ५० किलो, माझं ७५. कारकुनी हिशेब. टेपखाली काय आहे हे बघायला टेप सोडवावी लागली असती, आणि सोडवली असती तर कदाचित दावं टाकावं लागलं असतं. म्हणून मी ती सोडवली नाही. त्यानं विचारलं नाही. टेप हुकापासून वीतभर अंतरावर होती, म्हणजे दिवसभर त्याच्या डाव्या कुशीशी.

तो पावसाळा तसा गेला, मग एक हिवाळा. मामा त्या वर्षी गुडघ्यांमुळे यायचा बंद झाला होता. तो असता तर टोकाशी त्याचा हात गेलाच असता.

२०२० च्या फेब्रुवारीत, पेमगिरीच्या रस्त्याला एका वस्तीवर आम्ही आंब्याचं काम संपवून बसलो होतो. पेमगिरीचा तो एकरांवर पसरलेला वड लहानपणी बापाबरोबर बघितला होता, पारंबीला लोंबकळून मार खाल्ला होता, ती गोष्ट मी रंगवून सांगत होतो. पोरगा तळहात चोखत होता. काहीतरी टोचलं होतं. त्यानं दाव्यावरून बोट फिरवलं, टेपमधून केसाएवढी तार बाहेर आली होती. बाभळीचा काटा घेऊन त्यानं टेप उकलायला सुरुवात केली. मी गोष्ट सांगायची थांबलो.

टेपखाली पाणी साठून राहिलं होतं, घाम राहिला होता, वाळायला जागा नव्हती. आतून तपकिरी भुगा पडला. तार उघडी ठेवली असती तर गंज दिसला असता. टेपनं तो जपला. त्यानं फुंकर मारून भुगा उडवला आणि काट्याच्या टोकानं तुटलेल्या तारा मोजल्या. एकेक बाजूला करून.

"सात," तो म्हणाला.

पुढे काही म्हणाला नाही. माझ्या हार्नेसला लावलेल्या नव्या दाव्याकडे त्यानं एकदा बघितलं. मी म्हणालो, आपण उद्या नवं मागवू तुला. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. दोन आठवडे आला नाही. त्याच्या वाडीला जायला मी दोनदा मोटारसायकल काढली आणि दोनदा राजूरहून परत फिरलो.

मग एका सकाळी तो दारात उभा. नवं दावं आलं होतं, ते मी दिलं. त्यानं हुकाचं कुलूप उघड-बंद करून बघितलं, दाबलेली नळी नखानं तपासली, कवच हुकाकडून शेपटीकडे मुठीतून ओढून बघितलं की आत तारेवर ते सैल होऊन सरकतंय का. हे सगळं मीच त्याला शिकवलेलं होतं. मग म्हणाला, "दादा, आता तुमचं द्या." आणि माझंही तसंच बघितलं. तेव्हापासून सकाळी दोन्ही दावी तो बघतो. मी काढून देतो. हातभर उंचीवर आधी मला बसवतो, मग तो बसतो.

जुनं दावं आम्ही त्याच दिवशी कापलं. टाकायची वस्तू अख्खी टाकायची नाही, कुणीतरी उचलून वापरतं. या वेळी मोठं कटर शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलं. चार तुकडे केले. गंजलेल्या जागी कटर फार जोर न लावता गेलं, तो आवाज वेगळा होता, दोघांनी ऐकला.

घरी केलेलं पहिलं दावं मी जपून ठेवलंय. ते दाखवताना मला हसता येतं. नवखा होतो, पैसे नव्हते, क्लॅम्प उलटे लावले. या दुसऱ्या दाव्याचा एकही तुकडा मी ठेवला नाही. बायको पेटीबद्दल विचारते तेव्हा मला हेच आठवतं आणि मी विहिरीचं कारण सांगतो.

तुकडे तो पोरगा घेऊन गेला होता. गेल्या वर्षी त्याच्या बहिणीच्या लग्नाला त्याच्या वाडीला गेलो, तेव्हा ते दिसले. शेरडांच्या वाड्याचं फाटक त्यानं त्यातल्या दोन तुकड्यांनी कुडाच्या मेढीला बांधलं होतं. तारेची कापलेली टोकं आत वळवून वरून चिंध्या घट्ट गुंडाळल्या होत्या, शेरडांना टोचू नयेत म्हणून. चिंध्या ताज्या दिसत होत्या. मी विचारलं, तर म्हणाला, पावसाळा संपला की सोडून बघतो आणि नव्या बांधतो.